नाही, मी ‘मुळशी पॅटर्न’मध्ये नव्हतो

पौडच्या स्टँडवर, पिरंगुटच्या हॉटेलात, लग्नात, मयताला, कुठेही गेलो तरी माणसं दोनपैकी एक गोष्ट बोलतात. “तुम्हाला कुठंतरी पाहिलंय,” नाहीतर “तुम्ही ‘मुळशी पॅटर्न’मध्ये होता ना?” पहिलं खरं असतं, दुसरं नसतं. मी चरित्र अभिनेता आहे. मालिकेत कुणाचा तरी काका, सिनेमात कुणाच्या तरी मागे उभा, नाटकात दुसऱ्या अंकात येणारा. बरीच वर्षं या कामावर घर चाललं, आणि ज्या वर्षी नाही चाललं त्या वर्षी भातावर चाललं. तालुक्यातली पोरं फोन करतात, “दादा, ॲक्टिंगमध्ये यायचंय, काय करू?” तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून हे लिहून काढतोय. आकडे घातलेत ते सोयीसाठी. पहिलं ते मोठं आणि शेवटचं ते लहान, असं काही नाही.

१. चेहऱ्याला पिनकोड असतो

प्रवीण तरडे आमच्याच तालुक्यातले, जातेडे गावचे. त्यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ ला लागला. शेती गेलेल्या घरातला पोरगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो, याची ती गोष्ट. ओम भूतकरचा राहुल, मोहन जोशींचा बाप, उपेंद्र लिमयेंचा इन्स्पेक्टर, आणि स्वतः तरडे नन्याभाईच्या भूमिकेत. सिनेमा तुफान चालला. २०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी त्याचा हिंदीत ‘अंतिम’ केला. त्यात लिमयेंच्या जागी सलमान खान आला आणि पोलीस अधिकारी शीख झाला.

तोवर मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवायचं, ताम्हिणीचा पाऊस आठवायचा, आंबेमोहर आठवायचा. जरा वाचणाऱ्याला सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह आठवायचा. सिनेमानंतर ऑडिशनच्या खोलीत नाव-गाव सांगितलं की समोरच्या पोराचे डोळे चमकायला लागले. “सर, मुळशी? मग एकदम ओरिजिनल!” आणि हातात कागद यायचा तो जमीनवाल्या गुंडाचा. गंमत अशी की तो सिनेमा मुळातून बापाच्या दुःखाचा होता. पण बाजाराने त्यातून उचलली ती पांढरी गाडी, गळ्यातली साखळी आणि मागे चालणारी चार पोरं.

शिक्का बसतो, त्यावर चिडून उपयोग नाही. निळूभाऊ फुल्यांचा विचार करा. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला, सेवा दलात वाढलेला, समाजवादी माणूस. पडद्यावर मात्र जन्मभर बेरकी पाटील आणि लंपट सरपंच. गावोगावच्या बायका त्यांना खरोखर घाबरायच्या. तरी त्यांनी ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील उभा केला तेव्हा त्याच शिक्क्याच्या आत राहून त्यांनी सत्तेतल्या माणसाचा एकटेपणा दाखवला. समोर डॉ. लागू होते, लेखणी तेंडुलकरांची होती, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. आपल्या वाट्याला असं त्रिकूट येईलच असं नाही. पण मिळालेल्या गुंडात एक खरा माणूस शोधता येतो, तेवढं आपल्या हातात असतं.

मी तो रजिस्टर ऑफिसच्या बाहेर शोधला. खरेदीखताच्या दिवशी तिथे काय चालतं ते नीट बघितलंय मी. सगळ्यात भीती वाटावी असा जो एजंट पाहिला, त्याने एकदाही आवाज चढवला नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याला खुर्ची सरकवून दिली, “तात्या, चहा झाला का?” विचारलं, चष्मा पुसून दिला आणि अंगठा कुठे करायचा ते बोटाने दाखवलं. एका सिनेमात मी जसाच्या तसा तो माणूस केला. दिग्दर्शक म्हणाला, छान आहे, पण एक ओरडून घेऊ. घेतला. पडद्यावर ओरडलेलाच टेक आला. तरी हळू आवाजातला टेक मी केला, तो त्या युनिटमधल्या पंचवीस माणसांनी पाहिला, आणि पुढचं एक बरं काम मला त्यातल्याच एका सहायकाने दिलं.

२. जमीन विकून मुंबईला जाऊ नका

हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं आमच्याच तालुक्यातली. आयटी पार्क आला, भूगाव-भुकूमकडे बंगले आणि मंगल कार्यालयं चढत गेली, आणि बघता बघता शेताचा हिशोब एकरावरून गुंठ्यावर आला. पैसा आला तसा गेलाही. गाडी, लग्न, इलेक्शन, पुन्हा गाडी. आता त्यात एक नवीन खर्च आलाय, पोराला हिरो करायचा. अंधेरीत भाड्याचा फ्लॅट, महागडा फोटोग्राफर, कसलं तरी सर्टिफिकेट देणारा कोर्स, आणि “तुम्ही थोडे पैसे घाला, मुलाला दुसरा लीड देतो” म्हणणारा निर्माता. या शेवटच्या इसमापासून तर चार हात लांबच राहा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

माझ्या तरुणपणी मीही आबांपुढे हा विषय काढला होता. आबा खाचराच्या बांधावर बसले होते. म्हणाले, “भात इकायचं आसतंय. खाचर न्हाय.” बस्स. पुढे चर्चाच नाही.

त्याचा अर्थ मला कामं नाकारायची वेळ आली तेव्हा कळला. एका विनोदी कार्यक्रमात शेतकऱ्याच्या गळफासावर हशा काढायचा प्रसंग होता आणि तो मी करावा असं त्यांचं म्हणणं होतं. पैसे चांगले होते. मी नाही म्हटलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. घरात वर्षाचा तांदूळ होता, भाड्याची चिंता नव्हती, एवढंच. माझ्याबरोबरचा एक जण, माझ्याहून सरस नट, हो म्हणाला, कारण त्याच्यावर फ्लॅटचा हप्ता होता. मी त्याला नावं ठेवत नाही. नट नकार देऊ शकतो तो रिकाम्या महिन्यांत घर कशावर चालतं यावर. तत्त्वाचा भाग त्यानंतर येतो.

आपल्याकडे नटावरचं सगळ्यात मोठं नाटक म्हणजे शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’. १९७० च्या डिसेंबरात ते डॉ. लागूंनी उभं केलं, तेव्हापासून आम्ही सगळे अप्पा बेलवलकरांची स्वगतं पाठ करतोय. मला मात्र त्यातला व्यवहार कायम खुपतो. हा माणूस पहिल्याच अंकात जवळचं सगळं मुलांना वाटून मोकळा होतो आणि मग बाकीचं नाटक घडतं. रंगभूमीसाठी ते ठीकच आहे. पण तालमीच्या हॉलमध्ये बसून ती शोकांतिका घोकणारा एखादा पोरगा त्याच आठवड्यात बापाला खरेदीखतावर सही करायला लावत असेल, तर त्याने नाटक नीट वाचलेलं नाही.

आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? त्याने नोकरी धरून ठेवावी. डॉ. लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. त्यांना काही उशीर झाला असं कुणी म्हणत नाही.

३. पैसा कामाच्या मागून चालत येतो, आणि फार हळू चालतो

मालिकेत आपला दर दिवसावर ठरतो. शिफ्ट बारा तासांची. महिन्यात किती दिवस बोलावतील ते कथेवर, म्हणजे तुमच्या ट्रॅकवर अवलंबून. करार बऱ्याचदा नव्वद दिवसांच्या पेमेंटचा असतो. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी किंवा त्याच्याही पुढे. त्यातून टीडीएस जातो, कोऑर्डिनेटरने काम दिलं असेल तर त्याचं कमिशन जातं. मधल्या तीन महिन्यांत पेट्रोल, जेवण, मुंबईतला मुक्काम आपल्याच खिशातून.

म्हणून करार वाचा. इंग्रजीत असला तर वाचून घ्या. किमान किती दिवस काम देणार, रद्द झालेल्या दिवसाचे पैसे मिळणार का, प्रवास कुणाचा, एवढं तरी विचारा. बिल ज्या दिवशी काम संपेल त्याच दिवशी पाठवा. आणि मालिका मिळाली म्हणून हप्त्यावर गाडी घेऊ नका. टीआरपी पडला की लेखकाला पहिल्यांदा काका आणि मामाच दिसतात. एका मालिकेत मला दुबईला पाठवलं. दुबईहून मी अजून परत आलेलो नाही.

नाटकाचं बरं असतं. प्रयोग संपला की नाइट हातात. कमी असते, पण त्याच रात्री असते. म्हातारपणासाठी सरकारची मानधन योजना आहे, २०२४ पासून महिना ५,००० रुपये केलेत. तिचा अर्ज जरूर करा, पण तिच्या भरवशावर म्हातारे होऊ नका.

४. बोली पुसू नका

मी पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा एकांकिकेच्या तालमीत माझ्या ‘न’ आणि ‘ण’ वर हशा पिकायचा. पुरुषोत्तम करंडक म्हणजे पुण्याच्या कॉलेजांची पंढरीच, १९६३ पासूनची, आणि तिथे शुद्ध बोलता येणं ही तेव्हा पहिली अट असल्यासारखी वागणूक होती. शिकलो. प्रमाण मराठी शिकण्यात गैर काहीच नाही, उलट जिभेला व्यायाम होतो. पण बरोबरीच्या काही जणांनी गावचं बोलणं असं खरवडून काढलं की घरी आईशीही ते बातम्या दिल्यासारखे बोलायचे.

मग वारं फिरलं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू तिच्याच बोलीत सगळ्या महाराष्ट्राला दरडावून गेली. मालिकाही गावाकडे निघाल्या. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडेत, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे. ज्यांनी जीभ खरवडली होती ते आता गावरान बोलायला शिकवणारा माणूस शोधत होते. एक मात्र ध्यानात ठेवा. कोल्हापुरी, सातारी आणि आपली मावळी या वेगवेगळ्या आहेत. ‘ग्रामीण’ नावाची कुठलीही भाषा नाही. स्क्रिप्टमध्ये सगळीकडे नुसतं ‘रं’ आणि ‘गं’ पेरलेलं असेल तर दिग्दर्शकाला बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, सुचवायचं.

५. पगार थांबण्याचा असतो

नऊचा कॉल असला की साडेआठला मेकअप. पहिला सीन आपला असेल असं सांगतात आणि चारला बोलावतात. संवादाचे कागद कधी आदल्या रात्री येतात, कधी सेटवरच गरम गरम. रोज एका भागाएवढं, वीस-बावीस मिनिटांचं चित्रीकरण काढायचं असतं, त्यात बँक संपली असेल, म्हणजे पुढचे तयार भाग शिल्लक नसतील, तर रात्रीचा दिवस. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग केले. त्यातल्या प्रत्येक भागामागे मेकअपरूममध्ये वाट बघणारी किती माणसं असतील!

ते तास कसे घालवता यावर तुम्ही या धंद्यात किती टिकाल ते ठरतं. रील बघत बसणारा सीनला उभा राहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काही नसतं. मी कागदावरचे दुसऱ्यांचे संवाद पाठ करतो. माझे आपोआप होतात. शिवाय समोरचा अडखळला की त्याला हळूच शब्द देता येतो, आणि असा माणूस सगळ्यांना सेटवर हवा असतो. अंगठी कुठल्या बोटात होती, बाही किती दुमडली होती, हे स्वतः लक्षात ठेवा. कंटिन्युइटीच्या पोरीवर तीस जणांचं ओझं असतं. स्पॉटदादाला नावाने हाक मारा. दिग्दर्शक बदलतात, स्पॉटदादा तोच असतो, आणि कुठल्या युनिटमध्ये काय शिजतंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

६. घरच्यांना तुमच्या मरणाची आधी कल्पना द्या

यावर हसाल, पण ऐका. एका मालिकेत मला मारलं. हार घातलेला माझा फोटो भिंतीवर आला, पुढे उदबत्ती. कथा बाहेर सांगायची नाही असा करार असतो, म्हणून मी घरी काही बोललो नव्हतो. भाग लागला तेव्हा मी दुसऱ्या कामासाठी कोल्हापुरात होतो आणि फोन बंद. आई बघत होती. तिला सगळं कळतं, नाटक-सिनेमा काय असतो ते माहीत आहे. तरी ती उठून देवापुढे बसली आणि मी फोन लावेपर्यंत जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची एक म्हातारी चक्क भेटायला आली. मी समोर बसलेला नव्हतो, त्यामुळे तिची समजूत घालायला आईला बराच वेळ लागला.

तो फोटो मालिकेच्या लोकांनी मला भेट दिला. चांगली फ्रेम आहे. आईने घरात घेऊ दिला नाही, तो गोठ्यातल्या माळ्यावर आहे.

तेव्हापासून मी घरी सांगतो. करार काहीही म्हणो.

७. लिहिता आलं तर लिहा

तरड्यांकडून घ्यायचा धडा मिशीचा किंवा गॉगलचा नाही. ते एकांकिका-स्पर्धांच्या जगातून आले, मालिकांसाठी लिहिलं, २०१५ मध्ये प्रणित कुलकर्णींबरोबर ‘देऊळ बंद’ केला, आणि मग आपल्याच मातीची गोष्ट आपणच लिहून, दिग्दर्शित करून, तीत स्वतःला भूमिका दिली. २०२२ च्या मे महिन्यात त्यांचे दोन सिनेमे पंधरा दिवसांच्या अंतराने लागले, ‘धर्मवीर’ आणि ‘सरसेनापती हंबीरराव’. दुसऱ्यात हंबीरराव तेच. त्यांच्या सगळ्याच सिनेमांशी माझं जमतं असं नाही. काही ठिकाणी टाळ्यांची वाक्यं जास्त होतात, माणसं कमी. पण फोनची वाट बघत बसायचं नाही हे त्यांनी ठरवलं आणि तसं केलं. बरोबरची माणसंही पुढे आणली. रमेश परदेशींना आज लोक पिट्याभाई म्हणूनच हाक मारतात. क्षितिश दाते ‘मुळशी पॅटर्न’मध्येही होता आणि ‘धर्मवीर’मध्ये एकनाथ शिंदेही झाला.

मला लिहिता येत नाही. म्हणजे हे असं लिहिता येतं, पटकथा नाही. प्रयत्न केला, पात्रं नुसती बसून चहा पितात. म्हणून मी लिहिणाऱ्या पोरांच्या जवळपास राहतो. कॉलेजच्या एकांकिका बघायला जातो, बक्षीस न मिळालेल्यांशी आवर्जून बोलतो. बक्षीस मिळालेल्यांभोवती गर्दी असते.

८. घसा

विक्रम गोखल्यांच्या घराण्यात अभिनय चौथ्या पिढीला पोहोचलेला. पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या, वडील चंद्रकांत गोखले. ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार. एवढ्या मोठ्या नटालाही घशाच्या दुखण्यामुळे २०१६ मध्ये रंगभूमी सोडावी लागली. सिनेमात आवाज मागाहून डबिंगमध्ये सावरता येतो, नाटकात येत नाही. ओरडण्याचे सीन असले की तालमीला निम्म्या आवाजात बोला. रात्रीच्या प्रवासात खिडकी बंद. बाकी जे सोडायचं ते तुम्हाला माहीत आहे.

९. लावणीच्या दिवसांत तारीख नाही

मुळा नदीवरचं आमचं धरण टाटांचं. त्याचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याला जातं, तिथे वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. स्टुडिओत डोक्यावर दिवे पेटले की मी सहकाऱ्यांना सांगतो, जरा जपून वापरा, आमचं पाणी आहे. धरणाखाली पूर्वजांची खाचरं गेली, त्यांच्यासाठी लोक तुरुंगात गेले, आणि उरलेली आम्ही स्वतःच्या हाताने विकली. माझ्याकडे जी थोडी राहिली आहेत त्यांची लावणी जुलैत होते. पाऊस पडला, चिखलणी झाली की रोप थांबत नाही आणि मजूर तर अजिबात थांबत नाहीत. पूर्वी सगळी आळी एकमेकांकडे जायची, आता माणसं मिळवायला आठ दिवस आधी फोन करावे लागतात. अशा वेळी मी घरीच असतो. कोऑर्डिनेटर मंडळींना आता माहीत झालंय.

मागच्या पावसाळ्यात बरोबर त्याच दिवसांत फोन आला. मोठा सिनेमा, सलग काम. भूमिका काय, तर जमीन बळकावणारा पुढारी. मी म्हटलं, लावणी उरकली की येतो. ते म्हणाले, सेट लागलाय, थांबता येणार नाही. खरंच होतं त्यांचं. ती भूमिका मग विदर्भातल्या एका नटाला मिळाली. सिनेमा लागल्यावर मी तिकीट काढून पाहिला. एका सीनमध्ये तो शेतकऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर चपला काढतो, नीट जोडून ठेवतो आणि मग आत जाऊन धमकी देतो. मला सुचलं नसतं. घरी येऊन त्याचा नंबर मिळवला आणि त्याला तसं सांगितलं. त्याने विचारलं, “तुम्ही ‘मुळशी पॅटर्न’मध्ये होता ना?”